संवेदनशील स्पीकरमधून येणारी गुणगुण: व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प बदलण्याआधी काय तपासायचं आणि बदलायचाच तर कोणता घ्यायचा

रेकॉर्ड संपते, सुई उचलली जाते, आणि खोलीत शांतता पसरायच्या ऐवजी दोन्ही स्पीकरमधून हूंऽऽ असा एकसुरी आवाज येत राहतो. कर्ण्याजवळ कान नेला की त्यावर बारीक फुसफुसही ऐकू येते. ९५ ते १०५ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर घेऊन त्यांना व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अ‍ॅम्प जोडणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. बहुतेकांचा उपायही ठरलेला असतो: हा अ‍ॅम्प विकून दुसरा आणायचा. दुसराही गुणगुणतो. मग केबल बदलून होतात, व्हॉल्व्ह बदलून होतात, आणि शेवटी "व्हॉल्व्ह म्हटलं की एवढं चालायचंच" अशी मनाची समजूत घातली जाते.

मला ही समजूत मान्य नाही. माझ्या १०० डेसिबलच्या कर्ण्यांपुढे तीन अ‍ॅम्प आले. पहिले दोन मी काहीही न मोजता देऊन टाकले, त्याची आजही हळहळ वाटते, कारण त्यातला एक तरी बहुधा अर्ध्या तासाच्या कामात शांत झाला असता. तिसऱ्याच्या वेळी मी मल्टिमीटर हातात घेतला. तेव्हा कळलं की आपण इतके दिवस चुकीचा आकडा बघत होतो. आपण वॉट बघतो, आणि या स्पीकरांना वॉटांची फारशी गरजच नसते. त्यांना शांत अ‍ॅम्प लागतो.

वॉटचा हिशेब एकदाच करून टाकू. १०० डेसिबलचा स्पीकर म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल आवाज. घरात मन लावून ऐकताना सरासरी पातळी ८५ डेसिबलच्या आसपास असली तरी ती भरपूर वाटते. त्यासाठी या स्पीकरला ०.०३ वॉट पुरतात. तबल्याची थाप किंवा पियानोचा ठोका सरासरीच्या २० डेसिबल वर उसळला तरी गरज ३ वॉटच्या थोडी वर जाते. हेच ८७ डेसिबलच्या स्पीकरला करायचं तर तिथे ६० वॉटच्या पुढे जावं लागतं. म्हणून एका ३००बी व्हॉल्व्हचे ८ वॉट या कर्ण्यांना पुरून उरतात, २ए३ व्हॉल्व्हचे साडेतीनही चालतात, ४५ नावाच्या व्हॉल्व्हच्या दोन वॉटांत मात्र मोठ्या वाद्यवृंदाच्या वेळी ओढाताण होते.

इथे एक खोच आहे. संवेदनशीलता काही जण एक वॉटला मोजतात, तर काही जण २.८३ व्होल्टला. आठ ओहमच्या स्पीकरवर २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॉट, पण चार ओहमवर तेच दोन वॉट होतात. म्हणजे चार ओहमच्या स्पीकरचा छापील आकडा २.८३ व्होल्टचा असेल तर त्यातून ३ डेसिबल वजा करून मगच तुलना करावी.

गुणगुण कशी मोजायची

अ‍ॅम्प चालू, आवाजाची खुंटी शून्यावर, स्पीकर जोडलेला. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही सळया स्पीकरच्या टर्मिनलना लावायच्या. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा. ज्याची सर्वांत खालची एसी रेंज २०० व्होल्टची आहे तो इथे उपयोगाचा नाही. मोजण्याआधी सळया एकमेकींना टेकवून मीटर स्वतःच किती दाखवतो तेही पाहून ठेवा.

समजा मीटरने १ मिलिव्होल्ट दाखवलं. २.८३ व्होल्टच्या तुलनेत ते ६९ डेसिबल खाली आहे. ८७ डेसिबलच्या स्पीकरमधून ते एक मीटरवर १८ डेसिबल ऐकू येईल, म्हणजे खोलीच्या नेहमीच्या कुजबुजीत बुडून जाईल. १०० डेसिबलच्या कर्ण्यातून तेच ३१ डेसिबल होतं, आणि रात्री दार लावून बसलेल्या माणसाला ते जाणवतं. अ‍ॅम्प तोच आणि बिघाडही काही नाही, फक्त स्पीकर बदलल्याने झाकलेली गोष्ट उघडी पडली. जुन्या स्पीकरवर अ‍ॅम्प अगदी शांत होता असं सांगणारे लोक खरंच सांगत असतात.

माझ्या अनुभवात ९५ डेसिबलपर्यंतच्या स्पीकरला १ मिलिव्होल्ट चालून जातं, १०० ला अर्ध्याच्या आत हवं, आणि १०४-१०५ ला ०.३ च्या आसपास गेल्याशिवाय चैन पडत नाही.

आकडा सगळं सांगत नाही हेही खरं. आपला कान खालच्या सुरांना मठ्ठ असतो. ५० हर्ट्झचा शुद्ध सूर ऐकू यायला सुमारे ४४ डेसिबल लागतात, १०० हर्ट्झला सुमारे २७ पुरतात, आणि त्याच्यावर कान आणखी तीक्ष्ण होत जातो. त्यामुळे २ मिलिव्होल्टची मऊ हूं कदाचित ऐकूही येणार नाही, पण अर्ध्या मिलिव्होल्टची करकरीत घरघर, जिच्यात वरचे सूर मिसळलेले असतात, ती डोक्यात जाते. कर्णे नेमके याच मधल्या सुरांत सर्वांत जोरकस असतात. म्हणून मीटरबरोबर कानही वापरा, आणि आवाज कसा आहे ते लिहून ठेवा. (विजेचा पुरवठा ६० हर्ट्झचा असेल तिथे हे आकडे ६० आणि १२० असे वाचावेत.)

आवाज कुठून येतोय

आधी ट्रान्सफॉर्मरला कान द्या. पुष्कळदा लोखंडच थरथरत असतं आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो. तसं असेल तर अ‍ॅम्पखाली रबराचे पाय द्यावेत, ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट सैल झालेत का ते बंद अवस्थेत पाहावं. त्याचा बाकीच्या मजकुराशी संबंध नाही.

आवाज स्पीकरमधूनच असेल तर अ‍ॅम्प बंद करा, इनपुटच्या सगळ्या केबल काढा, आणि दोन्ही इनपुटना शॉर्टिंग प्लग लावा. शॉर्टिंग प्लग म्हणजे साधा आरसीए प्लग, ज्याची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून तारेने जोडलेली असते. हा प्लग फक्त इनपुटला लावायचा, आउटपुटला चुकूनही नाही. आणि स्पीकर न जोडता व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू करू नका. भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब चढू शकतो की वेटोळ्याचं इन्सुलेशन फाटतं.

आता अ‍ॅम्प चालू करून पुन्हा मोजा. इथे वाट दुभंगते.

आवाज गेला, तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. गुन्हेगार त्याच्या अलीकडे आहे: एकतर अर्थिंगचा फेरा, नाहीतर प्रीअ‍ॅम्प (स्पीकर चालवणाऱ्या पॉवर अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल वाढवणारा वेगळा डबा). अर्थिंगचा फेरा म्हणजे दोन यंत्रं विजेच्या वायरीतून अर्थला जोडलेली असतात आणि त्याच वेळी सिग्नलच्या केबलच्या जाळीतूनही एकमेकांना जोडलेली असतात. या बंद वाटेने बारीकसा प्रवाह फिरतो आणि गुणगुण बनून बाहेर पडतो. केबल एकेक करून परत जोडा. जी जोडल्याबरोबर आवाज येतो, तिथे फेरा आहे. खुंटी फिरवल्यावर गुणगुण कमीजास्त होत असेल तर फेरा खुंटीच्या अलीकडे आहे. होत नसेल तर पलीकडे, म्हणजे प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्प यांच्या मध्ये. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणल्याने निम्मी प्रकरणं मिटतात. लॅपटॉप लावला असेल तर त्याचा चार्जर काढून पाहा. टीव्ही जोडला असेल तर त्याची अँटेनाची किंवा केबलची तार काढून पाहा. ती बाहेरून स्वतःचं वेगळं अर्थ घेऊन येते. एवढं करूनही राहिलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा.

प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पच्या पोटात ३०० ते ४५० व्होल्ट डीसी खेळत असतात, ८४५ सारख्या मोठ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर हजाराच्या आसपास. आत काही सुटून पत्र्याला टेकलं तर तुमच्या आणि त्या दाबाच्या मध्ये फक्त ती अर्थची तार असते.

शॉर्टिंग प्लग लावूनही आवाज तसाच राहिला, तर दुखणं अ‍ॅम्पच्या आत आहे. मग तो एकाच बाजूला आहे की दोन्ही, ते पाहा. एका बाजूला असेल तर अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह थंड होऊ देऊन, डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा, एका वेळी एकच जोडी. आवाज व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर व्हॉल्व्हच दोषी. दोन्ही बाजूंना सारखीच, १०० हर्ट्झची घरघर असेल आणि अ‍ॅम्प जुना असेल, तर पुरवठ्यातले फिल्टर कपॅसिटर कोरडे पडले असण्याची शक्यता मोठी. ते काम जाणकाराकडूनच करून घ्या, कारण बंद केलेल्या अ‍ॅम्पमधले कपॅसिटरही बराच वेळ भारलेले राहतात.

माझ्या तिसऱ्या अ‍ॅम्पचं दुखणं वेगळंच निघालं, आणि ते ३००बी, २ए३, ४५ वापरणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं आहे. या व्हॉल्व्हमध्ये तापणारी तारच इलेक्ट्रॉन सोडते. ईएल३४ किंवा ईएल८४ मध्ये तसं नसतं, तिथे तापणारी तार वेगळी आणि तिच्याभोवतीची नळी वेगळी. त्यामुळे ३००बी च्या तारेला एसी दिला की तो थेट संगीतात मिसळतो. तो काटण्यासाठी तारेच्या दोन टोकांमध्ये एक छोटा पॉट (फिरवून रोध बदलता येणारा भाग) बसवलेला असतो, त्याला हम पॉट म्हणतात. त्याचा मध्य बरोबर साधला की दोन टोकांकडून येणारी गुणगुण एकमेकीला मारते.

माझ्या अ‍ॅम्पवर हे दोन पॉट वरच्या पत्र्यावरच, व्हॉल्व्हच्या पुढे आहेत. रात्री शॉर्टिंग प्लग लावून मोजलं तेव्हा उजवीकडे १.२ मिलिव्होल्ट होते आणि डावीकडे तब्बल ९. प्लास्टिकच्या मुठीचा पेचकस घेऊन डावा पॉट केसभर फिरवला. साडेआठ. अजून थोडा. सात, पाच, साडेतीन. कर्ण्यातली हूं प्रत्येक केसाला मऊ होत चालली होती. एक, मग ०.८, आणि पुढच्या केसाला परत १.३, म्हणून मागे आलो. ०.८ वर ५० हर्ट्झचा जाड सूर पूर्ण गेला होता आणि मागे एक पातळ, १०० हर्ट्झची झिणझिण उरली होती. ती पॉटने जात नाही, एसीवर तापणाऱ्या तारेची ती खूणच आहे. मग आठवलं, चार महिन्यांपूर्वी मी डावीकडचा ३००बी बदलला होता आणि पॉटला हात लावला नव्हता. प्रत्येक व्हॉल्व्हचा मध्य थोडा निराळा असतो. व्हॉल्व्ह बदलला की पॉट पुन्हा लावावाच लागतो. तुमच्या अ‍ॅम्पवर पॉट पत्र्याच्या आत असेल तर मात्र झाकण उघडून चालू अ‍ॅम्पमध्ये पेचकस घालू नका.

फुसफुस आणि आठ वाजताची खुंटी

गुणगुण एकीकडे, फुसफुस दुसरीकडे. फुसफुस असणाऱ्यांची जोडीने दुसरी तक्रारही असते: खुंटी शून्यावरून जरा हलवून घड्याळातल्या आठच्या जागी नेली की आवाज अंगावर येतो, आणि हळू आवाजात गाणारी बाई मधून सरकून एका बाजूला जाते. या दोन्हींचं मूळ एकच, गरजेपेक्षा फार जास्त गेन, म्हणजे सिग्नल जितके पट वाढवला जातो तो आकडा.

डिजिटल प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. ०.०३ वॉटला स्पीकरवर लागतात जेमतेम अर्धा व्होल्ट. म्हणजे खरं तर गेनची गरजच नाही, उलट सिग्नल कमी करायचा आहे. पण वाटेत प्रीअ‍ॅम्प दहा पट वाढवतो, पॉवर अ‍ॅम्प वीस पट, एकूण दोनशे पट, आणि ते सगळं मारायची जबाबदारी बिचाऱ्या खुंटीवर येते. तिला ८०० पट खाली दाबून बसावं लागतं. दुहेरी कार्बन पॉटच्या त्या पहिल्या टोकाला डावं-उजवं सारखं कधीच नसतं, म्हणून गाणारी बाई सरकते. आणि खुंटीच्या पुढे प्रीअ‍ॅम्पने केलेला ०.१ मिलिव्होल्टचा आवाज पॉवर अ‍ॅम्प वीस पट करून २ मिलिव्होल्टचा बनवतो. खुंटी शून्यावर असली तरी ती फुसफुस जात नाही, हे तिचं लक्षण.

उपाय साधा आहे. प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मध्ये २० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर घाला. घरी करायचा तर ९ किलोओहमचा रेझिस्टर ओळीत आणि १ किलोओहमचा जमिनीला, दोन्ही पॉवर अ‍ॅम्पच्या बाजूच्या प्लगमध्ये मावतात. प्रीअ‍ॅम्प १० किलोओहमचा भार ओढू शकतो ना, एवढं पाहा. फुसफुस दहावा भाग राहते, खुंटी अकरा-बाराच्या जागी येते, गाणारी बाई मध्ये. प्लेअर एकच असेल तर प्रीअ‍ॅम्प काढून नुसत्या चांगल्या पॉटवरून थेट पॉवर अ‍ॅम्पला जाणं त्याहून बरं.

व्हॉल्व्ह बदलून गेन कमी करण्याचाही मार्ग सांगितला जातो. १२एएक्स७ चा मू (व्हॉल्व्ह सिग्नल जास्तीत जास्त किती पट वाढवू शकतो तो आकडा) १०० आहे, १२एटी७ चा ६०, १२एयू७ चा २० च्या आत. पिना जुळतात, पण प्रवाह आणि बायस जुळत नाहीत. ज्याने अ‍ॅम्प बनवला त्याने परवानगी दिली असेल तरच हे करावं. अ‍ॅटेन्युएटरमध्ये असला धोका नाही.

बेस सुजतो तेव्हा

काही जणांचा अ‍ॅम्प शांत असतो, पण खालचे सूर फुगलेले आणि ढिले वाटतात. हा आउटपुट इम्पिडन्सचा, म्हणजे आउटपुटच्या स्वतःच्या रोधाचा, प्रश्न आहे. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे परत देऊन चुका कमी करणं) नसलेल्या एका ट्रायोडच्या (३००बी, २ए३ सारख्या तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हच्या) अ‍ॅम्पचा तो २ ते ४ ओहम असतो. स्पीकरचा इम्पिडन्स एका जागी स्थिर नसतो, कुठे ५ ओहम, तर रेझोनन्सला (स्पीकर ज्या सुराला आपसूक जास्त थरथरतो तिथे) ४० ओहमही. ३ ओहमच्या अ‍ॅम्पने असा स्पीकर वाजवला की या दोन जागांच्या पातळीत साडेतीन डेसिबलचा फरक पडतो. आवाजाचा तोल बिघडायला तो पुरेसा आहे.

आठ ओहमचा स्पीकर चार ओहमच्या टॅपला, म्हणजे मागच्या ४ लिहिलेल्या टर्मिनलला, लावून पाहा. आउटपुट इम्पिडन्स निम्मा होतो, थोडे वॉट जातात, आणि संवेदनशील स्पीकरला त्यांची उणीव भासत नाही. ट्रायोडच्या अ‍ॅम्पवर हा प्रयोग निर्धास्त करावा. पुष्कळांना तेवढ्यानेच हवं ते मिळतं.

आणि तरीही नवा घ्यायचाच असेल तर

पहिला प्रश्न वॉटचा विचारू नका. विचारा: इनपुट शॉर्ट करून आउटपुटला किती मिलिव्होल्ट उरतात, वेटिंग (कानाच्या तीक्ष्णतेप्रमाणे काही सूर कमी धरणं) न लावता? सिग्नल-टू-नॉइजचा छापील आकडा इथे फसवतो, कारण तो पूर्ण ताकदीच्या तुलनेत दिलेला असतो. १०० वॉटच्या अ‍ॅम्पचं ८० डेसिबल म्हणजे २.८ मिलिव्होल्ट, ८ वॉटच्या अ‍ॅम्पचं तेच ८० डेसिबल म्हणजे ०.८ मिलिव्होल्ट. आकडा एकच असला तरी तुमच्या कर्ण्यासमोर ११ डेसिबलचा फरक आहे. त्यातही ए-वेटिंग लावलं असेल तर १०० हर्ट्झची घरघर १९ डेसिबलने आणि ५० हर्ट्झची ३० डेसिबलने लहान करून दाखवलेली असते. म्हणजे नेमकं जे तुम्हाला छळतं तेच झाकलेलं.

मग गेन विचारा. पॉवर अ‍ॅम्प असेल तर दहा पटीच्या आसपास उत्तम. आणि आउटपुट इम्पिडन्स विचारा.

एक ट्रायोड की पुशपुल (दोन व्हॉल्व्ह जोडीने, एकमेकांच्या उलट काम करतात ती रचना), यावर माझं मत स्पष्ट आहे. १०० डेसिबलच्या पुढे पहिला अ‍ॅम्प घेणाऱ्याने ईएल८४ चा बारा-एक वॉटचा साधा पुशपुल घ्यावा, थोड्या फीडबॅकसह. पुशपुलमध्ये पुरवठ्यातली घरघर दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखीच येते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये स्वतःलाच काटते. एका व्हॉल्व्हच्या रचनेत ही सोय नाही, तिथे चोक (पुरवठ्यातली घरघर अडवणारं वेटोळं) आणि दोन-तीन पायऱ्यांचं फिल्टर असल्याशिवाय शांतता येत नाही. ३००बी चा मोह मला कळतो, मी स्वतः तोच ऐकतो, पण तो घेताना तार डीसीवर तापते का ते विचारा. २ए३ आणि ४५ ची तार अडीच व्होल्टची आहे, त्यामुळे एसीवरही ते बरेच शांत राहतात. ३००बी ची ५ व्होल्टची, तिथे एसी १०० डेसिबलच्या पुढे जड जातो. ८४५ ची तर १० व्होल्टची, तिथे डीसीच हवा.

हे कर्णे मुळात कशासाठी होते तेही लक्षात असू द्या. अल्टेक लान्सिंगचे व्हॉइस ऑफ द थिएटर १९४५ मध्ये चित्रपटगृहांसाठी आले, पडद्यामागे बसायला. पॉल क्लिप्श यांचा कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न १९४६ चा. तेव्हा वॉट महाग होते, म्हणून थोड्या वॉटांत सभागृह भरायचं तंत्र. तिथे प्रेक्षक कितीतरी दूर, भरल्या सभागृहाच्या कुजबुजीत बसलेला. आपण तेच तंत्र तीन मीटरवर घेऊन बंद खोलीत बसतो.

घेण्याआधी अ‍ॅम्प स्वतःच्या स्पीकरवर, रात्री, काहीही न वाजवता ऐका. दहा मिनिटं, व्हॉल्व्ह पूर्ण तापल्यावर. शक्य नसेल तर मीटर घेऊन जा.

माझ्या अ‍ॅम्पच्या मागे एक कागद चिकटवलेला आहे, त्यावर तारीख, डावा, उजवा, मिलिव्होल्टमध्ये. पुढे त्याची तार डीसीवर करून घेतली, आता दोन्हीकडे ०.४ आहे. तीन महिन्यांनी पुन्हा मोजतो. आकडा चढला की आधी व्हॉल्व्ह काढून पिना आणि सॉकेट साफ करतो, मग पॉट बघतो, आणि त्यानंतरच नव्या व्हॉल्व्हचा विचार करतो.